अर्ध्या चेहऱ्याला लावलेलं क्रीम

म्हातारा बैल तरुण करून कसा विकतात हे मला लहानपणीच ठाऊक होतं. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, दोंडाईच्याकडच्या गुरांच्या बाजारात दलाली करायचे आणि कधीकधी मलाही बरोबर न्यायचे. बाजार भरायच्या आधी लोक बैलाची शिंगं काचेच्या तुकड्याने तासत, वर तेल चोळत, कपाळावरचे पांढरे केस काजळीने काळे करत, गुळाचं पाणी पाजून पोट तट्ट फुगवत. उन्हं वर येईपर्यंत थकलेला बैल नव्या जोडीतल्यासारखा झळकू लागे. आबा त्याच्या अंगाकडे बघतही नसत. सरळ जाऊन जबडा धरत, ओठ वर करत आणि दात मोजत. "कातडं नको देखू, तोंड उघाडी देख," असं ते मला सांगत.

अशा माणसाची मी मुलगी, आणि मला एका गुलाबी डबीने फसवलं. खरं तर डबीने नाही, ती विकणाऱ्या माणसाने. या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. त्याला मी माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही.

माझं जळगावात कटलरीचं दुकान होतं. बांगड्या, टिकल्या, पावडर, रिबिनी, पिना असलं सगळं जिथे मिळतं त्याला आमच्याकडे कटलरीचं दुकान म्हणतात. दुकानाआधी आठ वर्षं मी डोक्यावर टोपली घेऊन सावद्याचा आणि बोदवडचा आठवडी बाजार केला होता. नवरा एस.टी.त कंडक्टर. त्याच्या पगारातून घर चाले, पण दुकान माझ्या जिभेवर उभं राहिलं. भाव करण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. घाऊक व्यापारी मला लांबून येताना पाहिलं की आधी चहा मागवत, कारण आता तासभर सुटका नाही हे त्यांना कळे. राग माझ्या नाकावर असे, तोही भाव पाडायला उपयोगी पडे.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. घरोघर रंगीत टीव्ही येऊ लागले होते आणि त्यात रोज संध्याकाळी कुणीतरी बाई गालावरून बोट फिरवून खुदकन हसत असे. मार्च महिन्यात धुळ्याचा एक एजन्सीवाला माझ्या दुकानात आला. पांढरा सफारी, हातात ब्रीफकेस. आल्या आल्या "अक्का" म्हणाला आणि काउंटरवर गुलाबी डबी ठेवली.

"सुरकुत्यांचं क्रीम आहे. पंधरा दिवसांत फरक, तीन महिन्यांत दहा वर्षं मागे. अक्का, तुमच्या दुकानात रांग लागेल."

मग त्याने ब्रीफकेसमधून दोन फोटो काढून मला दुकानात लावायला दिले. एकात एक थकलेली बाई, दुसऱ्यात तीच बाई तुकतुकीत. निदान तो म्हणाला की तीच.

मी डबी हातात घेतली आणि भाव विचारला. माझी चूक झाली ती इथेच. त्याने भाव सांगितला, मी निम्मा मागितला. तो उठून निघाला, मी त्याला जाऊ दिलं. तो पायरीवरून परत आला. मी त्याला शेजारचे दुकानदारही माल घेणार नाहीत म्हणून घाबरवलं, तो मला जळगावातल्या दुसऱ्या दुकानांची नावं घेऊन घाबरवू लागला. दोनदा आवाज चढले. शेवटी त्याच्या भावाच्या किती तरी खाली, डझनामागे दोन डब्या फुकट, वर काउंटरवर ठेवायला एक गोल आरसा, असं ठरलं. उठताना मी त्याच्या खिशातलं पेनसुद्धा मागून घेतलं. तो कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "अक्का, तुमच्यापुढे मी हात टेकले."

त्या दिवशी मी घरी गेले ती मान ताठ करून. तासभर मी भावाचं बोलले होते आणि मालाचं एक अक्षर विचारलं नव्हतं. आबा तेव्हा हयात नव्हते, नाहीतर त्यांनी मला दुकानासमोर उभं करून शिव्या दिल्या असत्या.

माझ्याकडे एक मास्तरीणबाई यायच्या. नगरपालिकेच्या शाळेत पहिलीचा वर्ग. त्यांच्या घराण्यातली शिकून नोकरीला लागलेली पहिलीच बाई. वडील रेल्वेत हमाल होते, घरात बुद्धाच्या मूर्तीजवळ पुस्तकांचं कपाट होतं. मी टोपली घेऊन फिरायचे तेव्हापासून त्या माझं गिऱ्हाईक. त्या कधी घासाघीस करत नसत. "तुम्ही सांगाल ते," म्हणून पैसे देत. तुम्हाला वाटेल असं गिऱ्हाईक मला आवडत असेल. आधी आवडत नसे, कारण माझी सगळी कला त्यांच्यापुढे वाया जाई. पण हळूहळू असं झालं की त्यांना मी एक पैसा जास्त लावू शकत नव्हते. सगळ्या जळगावात मला खरं बोलायला लावणारी तेवढी एकच बाई होती.

त्यांचे केस अकाली पिकले होते आणि उन्हातान्हात शाळेपर्यंत चालून चेहऱ्यावर बारीक जाळी पडली होती. वय बेचाळीस-त्रेचाळीस. त्यांनी गुलाबी डबी उचलली, मागे-पुढे करून वाचली आणि हसल्या.

"दरवर्षी जूनमध्ये नवी पोरं येतात आणि मला आजी म्हणतात हो. मागच्या वर्षी तर एकाच्या आजीनेच मला आजी म्हटलं. उपयोग होतो का याचा?"

त्या हसत होत्या, पण डबी काही खाली ठेवत नव्हत्या.

"माझ्या शब्दावर घ्या, बाई," मी म्हणाले. "जूनमध्ये पोरं ताई म्हणतील."

त्यांनी चार डब्या नेल्या. लग्नाला नेसायची साडी सोडली तर एवढा खर्च त्यांनी स्वतःवर कधी केला नसेल.

इतर बायकाही नेत होत्या. कुणी पंधरा दिवसांनी कुरकुर केली की मी एजन्सीवाल्याचंच वाक्य ऐकवायची, "तीन महिने लावा, मग बोला." विकताना माझी जीभ अशी चाले की मलाच खरं वाटू लागलं होतं.

जूनमध्ये शाळा उघडल्या. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मास्तरीणबाई आल्या आणि त्यांनी चार रिकाम्या डब्या काउंटरवर ओळीने ठेवल्या. आतून बोट फिरवून पुसून घेतलेल्या. थेंबसुद्धा वाया घालवला नव्हता.

"पहिल्याच दिवशी एक पोरगी रडत होती," त्या म्हणाल्या. "मी उचलून घेतलं तर म्हणाली, आजी, मला घरी सोड."

मी म्हणाले, "पैसे परत देते, बाई."

"पैशांचं नाही हो. तुम्ही सांगितलं होतं, म्हणून लावलं."

चढ्या आवाजाला मी दुप्पट आवाजाने उत्तर दिलं असतं. पण त्या साधेपणाने बोलल्या आणि निघून गेल्या. पैसे घेतले नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांच्या हातात समोरच्या दुकानाची पिशवी दिसली.

मी फोटो पुन्हा बाहेर काढले. आता मी नीट बघितलं, आबांसारखं. थकलेल्या बाईच्या कानाची पाळी जड कुड्यांनी ओघळलेली होती, भोक लांबट झालं होतं. तुकतुकीत बाईची पाळी घट्ट, भोक टाचणीएवढं. क्रीम तोंडाला लावायचं होतं, कानाला नव्हे. दुसरी बाई पहिलीची मुलगी तरी असेल, नाहीतर कुणीच नसेल. दात दाखवलेले होते आणि मी बघितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी धुळ्याची गाडी पकडली. त्याच्या गोडाऊनमध्ये चार-पाच दुकानदार बसले होते. मी उरलेल्या डब्यांचं खोकं त्याच्या टेबलावर आपटलं.

"भाऊ, हे काही कामाचं नाही. माल परत घे. आणि माझ्या गिऱ्हाइकाला एक चिठ्ठी लिहून दे, की क्रीमच खोटं आहे, माझा शब्द नाही."

तो दुकानदारांकडे बघून हसला. "अक्का, क्रीम चेहऱ्यासाठी असतं. तुमच्याकडच्या बायकांचं तोंड म्हणजे उन्हात थापलेली गोवरी. त्याला क्रीम काय करणार?"

सगळे हसले. त्याची स्वतःची आईसुद्धा इथल्याच उन्हात म्हातारी झाली असेल, हे त्यांच्यातल्या एकालाही सुचलं नाही.

"बरं, तुम्ही स्वतः लावलंत?" त्याने विचारलं. "रोज दोन वेळा, तीन महिने, नेमाने?"

"नाही."

"मग बोलू नका ना. आधी लावा. मग या. मीच तुम्हाला ओळखणार नाही!"

पुन्हा हसणं. मी खोकं उचललं. रागाने माझे कान तापले होते, पण डोकं गार होतं. माझं डोकं असं गार पडतं तेव्हा समोरच्याने सांभाळून राहावं. परतीच्या गाडीत पारोळा यायच्या आत माझं सगळं ठरलं होतं.

माझ्या दुकानाशेजारी कापडाचं दुकान होतं. मालक वयस्कर शेठजी, त्यांचे आजोबा राजस्थानातून आलेले. संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत जेवत, खोटं मापत नसत, आणि त्यांनी एकदा सांगितलं की बाजारात कुणी दुसऱ्याला विचारायला जात नसे. मी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हणाले, "शेठजी, उद्यापासून मी हे क्रीम अर्ध्याच तोंडाला लावणार. कोणत्या बाजूला, ते फक्त तुम्हाला ठाऊक."

गुरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघं हातावर उपरणं टाकतात आणि आत बोटं दाबून सौदा करतात, बाहेर उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. शेठजींनाही ही रीत ठाऊक होती, त्यांच्या वडिलांच्या वेळी कापसाचा सौदा असाच होई. त्यांनी एक नवा टॉवेल माझ्या हातावर टाकला. मी आत त्यांचं एक बोट दाबलं. एक म्हणजे डावी, दोन म्हणजे उजवी.

"बहन, आणि खरंच फरक पडला तर?" त्यांनी विचारलं.

"तर मी त्याचे पाय धरीन," मी म्हणाले. तसलं काही करायचा माझा मुळीच इरादा नव्हता.

जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. सकाळी आणि झोपताना मोरीचं दार लावून मी डाव्या अंगाला क्रीम लावायचे. नाकाच्या मधोमध बोट उभं धरायचं, म्हणजे पलीकडे जायला नको. उजव्या बाजूला नुसतं पाणी. लावल्यावर तास-दोन तास डावी बाजू मऊ लागायची, हे मी कबूल करते. मऊ तर खोबरेल तेलानेही लागते, आणि तेलवाल्याने मला कधी दहा वर्षं मागे नेतो म्हणून सांगितलं नव्हतं.

बाजारभर ही गोष्ट पसरली. बायका पिना घ्यायला येत आणि काउंटरवर ओणवून माझं तोंड न्याहाळत, कोणती बाजू म्हातारी ते विचारत.

"काय वं अक्का, आज कोनती बाजू डोकरी शे?"

"तुझी जीभ," मी म्हणायची.

"मना मते उजवी. उजवा गाल लोंबी ऱ्हायना."

"लोंबू दे. पिना घे आणि जा."

नवऱ्याला एकदा मी दिव्याखाली उभं राहून विचारलं, खरं सांगा, कोणती बाजू तरुण दिसते. त्याने चष्मा लावला, दोन्हीकडून वाकून बघितलं आणि म्हणाला, "दोन्ही बाजूंनी रागावलेलीच दिसतेस."

ऑगस्टच्या शेवटी एका सकाळी मला वाटलं, डाव्या डोळ्याजवळची एक रेघ पुसट झाली आहे. मी खिडकीशी गेले, दारात गेले, आरसा उन्हात धरला. जगातली बाई आरशासमोर उभी राहून सुरकुती जाऊ दे म्हणते, मी देवाला म्हणत होते, सुरकुती राहू दे. संध्याकाळी रेघ जागेवर होती. रात्री उशी डाव्या गालाखाली घेतली नव्हती, एवढंच झालं होतं. त्या दिवशी मी घरात शिरा केला.

दिवाळीच्या आधी एजन्सीवाले माल खपवायला दुकानदारांना बोलावतात. त्याचंही आमंत्रण आलं. जळगावातल्या एका मंगल कार्यालयात पुरी-भाजी, जिलबी आणि त्याच क्रीमची नवी डबी. "डबल असर" असं वर लिहिलेलं. मी शेठजींना हात जोडून बरोबर नेलं. वीस-बावीस दुकानदार होते. तो पुढे उभा राहून बोलला, फोटो फिरवले आणि शेवटी म्हणाला, "कुणाला काही अनुभव सांगायचा असेल तर जरूर सांगा."

मी उठले. "भाऊ, मला ओळखलंस का?"

"अक्का! तुम्हाला कोण ओळखणार नाही?"

"लावून ये म्हणालास, मीच ओळखणार नाही म्हणालास. तीन महिने दोन वेळा लावलं. पण अर्ध्या तोंडाला, उरलेल्याला नुसतं पाणी. आता तूच सांग, कोणत्या?"

तो हसला, आणि हसता हसता त्याची नजर माझ्या तोंडावर डावीकडून उजवीकडे गेली आणि परत आली.

"इथे उजेड नीट नाही," तो म्हणाला.

"चल की व्हरांड्यात. ऊन फुकट आहे."

मी बाहेर जाऊन उन्हात खुर्चीवर बसले. दुकानदार हातात द्रोण घेऊन मागोमाग आले. मी लिहून देते, त्यांना त्या दिवशी जिलबीपेक्षा हे गोड लागलं. त्याला यावंच लागलं.

"असं करू," मी म्हणाले. "तू एक बाजू सांगशील, नेमकी बरोबर निघाली तर? नाणं उडवूनही निम्म्या वेळा बरोबर येतं. म्हणून तोंडाने काही बोलायचं नाही. शेठजी टॉवेल धरतील. तू, तुझा सेल्समन आणि हे सगळे, एकेकाने आत बोट दाबायचं. माझ्या डावीला एक, उजवीला दोन. दहा वर्षं कमी झाली असतील तर सगळ्यांची बोटं सारखी निघतील."

"अक्का, हा काय गुरांचा बाजार आहे?"

"माल जसा असेल तसा बाजार."

तो भडकला. म्हणाला, हा कंपनीचा अपमान आहे. पण वीस दुकानदार समोर उभे होते आणि कुणाच्याच ऑर्डरीचा कागद अजून भरलेला नव्हता. त्याने टॉवेलखाली हात घातला. मग त्याच्या सेल्समनने. मग एकेक जण माझ्या तोंडापाशी वाकून, हनुवटीला हात लावायचा बाकी ठेवून, बघून गेला. तेवढा वेळ मी उन्हात डोळे उघडे ठेवून बसले. बैलाला कसं वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं.

शेठजी मनात मोजत होते. त्यांनी टॉवेलाची घडी घातली, पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, "अकरा डावी. दहा उजवी. एकाने मुकाट्याने हात काढून घेतला."

हशा झाला.

"मालक काय म्हणाले?" कुणीतरी ओरडलं.

"मालक उजवी म्हणाले. त्यांचा माणूस डावी म्हणाला. बहनने लावलं होतं डावीला."

पुढे काय झालं ते मला फारसं ऐकू आलं नाही, इतका कालवा झाला. एक जण विचारत होता की उजवी बाजू पाण्यानेच एवढी तरुण झाली असेल तर पाण्याची एजन्सी कुणाकडे आहे. एजन्सीवाला सेल्समनच्या अंगावर ओरडत होता. मी त्याच्याजवळ गेले आणि फक्त त्याला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले, "गोवरी."

त्या दिवाळीत जळगावात त्याचा माल कुणी ठेवला नाही. ज्यांच्याकडे होता त्यांनी परत पाठवला. भुसावळला आणि चाळीसगावला ही गोष्ट माझ्याआधी पोचली. वर्षभरात त्याची ती एजन्सी गेली. नंतर तो टक्कल घालवायचं तेल विकू लागला असं ऐकलं. मी धुळ्याला खरेदीला जायचे तेव्हा वाट वाकडी करून त्याच्या गोडाऊनवरून जायचे. काम काही नसे. तो बाहेर दिसला की उभी राहून त्याच्या तोंडाकडे आधी डावीकडून आणि मग उजवीकडून बघायचे. तो आत जाई.

पण मी ही सगळी यातायात त्याच्या एजन्सीसाठी केली नव्हती. कार्यालयातला कार्यक्रम संपल्यावर मी घरी न जाता तशीच शाळेत गेले. मधली सुट्टी होती. मास्तरीणबाई वर्गात एकट्या बसून पाट्या पुसत होत्या. मी दारातूनच सुरू झाले. अर्धं तोंड, टॉवेल, अकरा आणि दहा, सगळं. हातवारे करून सांगितलं. त्या ऐकत होत्या, दोनदा मनापासून हसल्यासुद्धा.

"म्हणजे बाई, क्रीमच खोटं होतं," मी म्हणाले. "सगळ्यांसमोर दाखवून दिलं मी."

"तीन महिने तुम्ही रोज तपासलंत?"

"एक दिवस चुकले नाही."

त्यांनी पाटी बाजूला ठेवली. "मग मला द्यायच्या आधी का नाही तपासलंत?"

त्या रागावल्या नव्हत्या. पोराला गणित कुठे चुकलं ते विचारावं तसं विचारलं. आयुष्यभर मी कुणाला शेवटचा शब्द बोलू दिला नव्हता. तिथे मी खांबाला टेकून उभी राहिले आणि मला एकच खरं उत्तर सापडलं.

"मी भाव करत होते," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. सुट्टी संपल्याची घंटा झाली, पोरं आत घुसली, आणि मी त्यांच्यातून वाट काढत बाहेर आले.

त्यानंतरही त्या रस्त्यात भेटल्या की नमस्कार करायच्या, नवऱ्याची, मुलांची चौकशी करायच्या. दुकानाची पायरी मात्र त्या पुन्हा चढल्या नाहीत, आणि मी बोलावलं नाही. धुळ्याच्या त्या माणसावरचा माझा राग त्या दिवसापासून दुप्पट झाला. त्यातला निम्मा माझ्यावरचाच आहे, एवढं मला कळतं. पण तो ठेवायला माझ्याकडे दुसरी जागा नाही, म्हणून तोही मी त्याच्यावरच ठेवला आहे, आणि तो तिथेच राहणार.